चित्रकाराच्या जयंतीची संध्याकाळ: आधी माहितीपट, मग यक्षगान आणि मधली पाच मिनिटं

पुण्यात एखाद्या चित्रकाराच्या जयंतीला माहितीपट आणि त्याला जोडून लोकनाट्य असा कार्यक्रम ठरतो, तेव्हा तो बहुतेक एकाच जागी फसतो. चित्रपट संपतो, दिवे लागतात, दोन पोरं स्टुलावर चढून पडदा सोडवायला लागतात. कोणीतरी माईकवर "हॅलो, हॅलो, चेक" म्हणतं. लोक चहाला बाहेर पडतात आणि त्यातले निम्मे पार्किंगकडे वळतात. आत मेकअप रूममध्ये मुख्य पात्र डोक्यावर मुंडासं आवळून कधीचं ताटकळत असतं.

हा प्रकार त्या दिवशी मंचावर धावपळ करून सावरता येत नाही. तो दोन महिने आधी, सभागृहाचं बुकिंग करतानाच टाळावा लागतो. म्हणून सगळं नियोजन चित्रपट आणि लोकनाट्य यांच्या मधल्या त्या पाच मिनिटांपासून उलटं मोजत करायचं.

नमुन्यादाखल चित्रकार के. के. हेब्बर आणि यक्षगान, म्हणजे कर्नाटकच्या किनारपट्टीवरचं कन्नड लोकनाट्य, ही जोडी घेतली आहे. हेब्बर उडुपीजवळच्या कट्टिंगेरीचे, जन्म १५ जून १९११. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, पुढे तिथेच शिकवलं. लय हातात उतरावी म्हणून पं. सुंदरप्रसाद यांच्याकडे कथकही शिकले. नाच त्यांच्या रेषेतच आहे, त्यामुळे जोड ओढूनताणून आणल्यासारखी वाटत नाही. दुसरा चित्रकार आणि दुसरा लोकनाट्यप्रकार घेतलात तरी टप्प्यांचा क्रम हाच ठेवा.

टप्पा १: तारीख ठरवणं

जयंतीची तारीख आधी छापून मोकळं होऊ नका. यक्षगानाचे मेळ, म्हणजे कलाकारांचे संच, साधारण नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत गावोगावच्या प्रयोगांत गुंतलेले असतात. पावसाळ्यात ते मोकळे होतात आणि मुंबई-पुण्याकडे येतात. १५ जून ही तारीख म्हणूनच सोयीची, पण तिच्याही अडचणी आहेत.

एक अडचण पावसाची, तिच्याकडे टप्पा ७ मध्ये येऊ. दुसरी आषाढी वारीची. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा शहराच्या मध्यभागातले रस्ते बंद असतात. दरवर्षी ही तारीख हलते आणि अधिक मास आला की बरीच पुढे जाते. पंचांग आणि पालखीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय जूनमधली तारीख पक्की करू नका. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांबद्दल तर पुणेकराला सांगायला नको.

*तपासा:* तारीख मेळाला, सभागृहाला आणि चित्रपटाचे हक्क असणाऱ्यांना, तिघांनाही चालते का? तिघांचा होकार लेखी येईपर्यंत पत्रिका छापायला टाकू नका.

टप्पा २: चित्रं आणि त्यांचे हक्क

बहुतेक जण चित्रपटापासून सुरुवात करतात. सुरुवात चित्रांपासून करा, कारण कोणती चित्रं दाखवायची यावरून यक्षगानातला प्रसंग निवडायचा असतो.

हेब्बरांची सगळी कारकीर्द फोयरमध्ये मांडायचा मोह होतो. तो आवरा. दहा-बारा चित्रं पुरेत, त्यातही रेखाटनं जास्त. 'द सिंगिंग लाइन' या नावाने त्यांच्या रेखाटनांचं पुस्तक निघालं होतं. एका झटक्यात वळलेली कंबर, उचललेलं पाऊल असं काही त्यात दिसतं, आणि तासाभराने तेच प्रेक्षकाला मंचावर दिसायला हवं. तैलरंगातली मोठी कामं सुंदर आहेत, पण त्यांच्या लहान प्रिंट काढल्या की रंगांचा पोत हरवतो.

आता हक्क. भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. हेब्बर १९९६ साली गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०५६ अखेरपर्यंत राहणार. प्रिंट काढणं, पोस्टरवर छापणं, पडद्यावर दाखवणं या सगळ्याला परवानगी लागते. आणि इथेच लोक चुकतात: मूळ चित्र ज्याच्या भिंतीवर आहे त्याच्याकडे चित्र असतं, छापायचा हक्क असेलच असं नाही. संग्राहकाने मोठ्या मनाने "घ्या की" म्हटलं तरी वारसांची किंवा हक्कधारक संस्थेची परवानगी वेगळी मागा.

पत्रात नेमकं लिहा: कोणती चित्रं, किती प्रिंट, कुठे, किती दिवस, पोस्टरवर वापरणार का, नंतर प्रिंटचं काय करणार. "कार्यक्रमासाठी आपली चित्रं वापरायची परवानगी द्यावी" अशा मोघम पत्राला मोघमच उत्तर येतं.

एवढा पत्रव्यवहार झेपणार नसेल तर राजा रविवर्मा घ्या. ते १९०६ साली गेले, त्यामुळे चित्रांवर कॉपीराइट उरलेला नाही. पुण्याच्या माणसाला संदर्भही जवळचा, त्यांचा छापखाना लोणावळ्याअलीकडे मळवलीला होता. मग जोडीला कोकणातला दशावतार शोभतो. भाषा मराठी, प्रवास कमी, खर्चही आटोक्यात. मात्र दशावतारी कंपन्यांचा हंगामही पावसाळ्याआधीचा, कार्तिकातल्या जत्रांपासूनचा. तेव्हा तारखेचं गणित नव्याने मांडा.

*इशारा:* पोस्टरवर चित्र कापून, त्यावर कार्यक्रमाचं नाव आणि प्रायोजकाचा लोगो चढवू नका. चित्र पूर्ण छापा, मजकूर बाजूला किंवा खाली. परवानगी देणारे नेमके याच गोष्टीवर नाराज होतात.

टप्पा ३: चित्रपट मिळवणं

चित्रकारांवरचे बरेच जुने माहितीपट फिल्म्स डिव्हिजनचे आहेत. ती संस्था आता एनएफडीसीमध्ये (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झाली आहे, त्यामुळे चौकशी तिथे करायची. पुणेकरांना आणखी एक सोय आहे, लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. कोणता माहितीपट अस्तित्वात आहे, हक्क कोणाकडे आहेत याचा माग तिथून लागू शकतो. तिसरी वाट चित्रकाराच्या कुटुंबाची. दिग्दर्शकाचा ठावठिकाणा बहुतेक वेळा त्यांनाच माहीत असतो.

लांबी २० ते ३५ मिनिटं. त्याहून मोठा चित्रपट असेल तर यक्षगान वेगळ्या दिवशी ठेवा, खरंच. सत्यजित राय यांनी चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींवर १९७२ साली केलेला 'द इनर आय' जेमतेम वीस मिनिटांचा आहे आणि त्यात काही कमी पडत नाही.

परवानगीच्या पत्रात तारीख, सभागृह, एकच खेळ, मोफत की तिकीट लावून, हे सगळं यायला हवं. सार्वजनिक प्रदर्शनासाठी सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं, त्याची प्रत मागून घ्या. यूट्यूबवर चित्रपट आहे म्हणून तो सभागृहात दाखवता येतो, हा समज काढून टाका. घरी पाहणं आणि तीनशे लोकांना दाखवणं या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फाईल कोणत्या स्वरूपात मागायची? नाटकाच्या सभागृहात चित्रपटगृहासारखी यंत्रणा नसते, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर असतो. साधी एमपी४ फाईल मागा, १०८०पी पुरेशी. दोन पेनड्राईव्हवर दोन प्रती, तिसरी लॅपटॉपच्या डिस्कवर. चालवायची ती डिस्कवरची, पेनड्राईव्हवरून थेट नाही.

मराठी उपशीर्षकं हवी असतील तर आधी विचारा, कारण तो चित्रपटात केलेला बदल असतो. होकार मिळाला की ती चित्रातच कायमची बसवून घ्या. वेगळ्या फाईलमधून चालवली तर काही प्लेअर देवनागरी जोडाक्षरं फोडतात. 'चित्र'चं 'चित् र' होतं, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, आणि पहिल्या रांगेतले मास्तर तेवढंच लक्षात ठेवतात.

*तपासा:* फाईल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा पूर्ण पाहिली का? मधली पाच मिनिटं पुढे ढकलून पाहणं म्हणजे पाहणं नव्हे. शेवटची नामावली संपते तो क्षण मिनिट-सेकंदासह लिहून ठेवा. टप्पा ८ त्यावरच उभा आहे.

टप्पा ४: मेळ आणि प्रसंग

यक्षगानाच्या दोन मोठ्या पद्धती. उडुपी आणि उत्तरेकडे बडगुतिट्टू, दक्षिणेकडे मंगळूर-कासरगोड पट्ट्यात तेंकुतिट्टू. वेशभूषा, मुकुट, वादनाची ढब, सगळं वेगळं. हेब्बर उडुपीकडचे, म्हणून बडगुतिट्टूचा मेळ शोधा. मेळाशी संपर्क नसेल तर पुण्यातल्या कन्नड संघात विचारा. उडुपी-कुंदापूरकडच्या हॉटेलवाल्यांनाही विचारा. गावाकडच्या मेळाचा व्यवस्थापक त्यांच्यापैकी कोणाच्या तरी ओळखीचा निघतोच.

प्रसंग म्हणजे त्या रात्रीचं कथानक. रात्रभर चालणारा प्रसंग पुण्यात शंभर मिनिटांत बसवायचा असतो. कापाकापी तुम्ही करू नका, ती भागवताचं काम. भागवत गाणं गातो आणि सगळा प्रयोग त्याच्या हातात असतो. तुम्ही फक्त तीन गोष्टी सांगा: वेळ किती, प्रेक्षक कन्नड न जाणणारे किती, आणि नाच जास्त हवा की संवाद. पुण्यासाठी उत्तर बहुतेक "नाच जास्त" असंच असेल. संवाद उत्स्फूर्त असतात, रंगात आलेले दोन कसलेले कलाकार एकाच मुद्द्यावर अर्धा तास बोलू शकतात. उडुपीत त्याला दाद मिळते, कोथरूडमध्ये घड्याळ पाहिलं जातं.

महाभारतातला अभिमन्यूचा किंवा रामायणातला पंचवटीचा प्रसंग इथल्या प्रेक्षकाला कथा माहीत असल्याने सोपा जातो.

*इशारा:* "हेब्बरांच्या चित्रासारखी पोझ घेऊन दोन मिनिटं थांबा" अशी मागणी मेळाकडे करू नका. चालत्या नाचातून झांकी होते आणि चित्राचंही वाटोळं होतं. प्रेक्षक चित्र पाहून आलेला आहे, जुळवाजुळव त्याचं त्याला करू द्या.

पैशांचं स्पष्ट बोला. मानधन, जाण्यायेण्याचं भाडं, सामानाचा टेम्पो, राहणं, जेवण, प्रत्येक बाब वेगळी लिहा. मेळात किती माणसं येणार हा आकडा सुरुवातीलाच घ्या, आणि त्यात वादक, वेशभूषा सांभाळणारे, सामान उचलणारे धरलेत का ते विचारा. उडुपीहून रात्रभराचा प्रवास करून आलेल्या माणसाला त्याच संध्याकाळी नाचायला लावू नका. मंडळी आदल्या दिवशी पुण्यात पोचायला हवीत.

टप्पा ५: सभागृह, आणि एकच सत्र घेण्याची चूक

या संपूर्ण लेखातला एकच टप्पा वाचायचा असेल तर हा वाचा.

बालगंधर्व असो, यशवंतराव चव्हाण असो की भरत नाट्य मंदिर, सभागृह सत्रांवर मिळतं: सकाळ, दुपार, संध्याकाळ. आयोजक संध्याकाळचं एक सत्र घेतात. चित्रपट अर्धा तास, यक्षगान दीड-पावणेदोन तास, बसतंय की! कागदावर बसतं. पण यक्षगानाची रंगभूषा आणि वेशभूषा मोठ्या भूमिकेला दोन ते तीन तास खाते. कलाकार स्वतःचा चेहरा स्वतः रंगवतात, जमिनीवर बसून, समोर आरसा टेकवून. तुमचं सत्र सुरू होतं तेव्हा त्यांचा चेहरा अर्धा तरी झालेला असायला हवा, आणि त्या वेळी मेकअप रूममध्ये दुपारच्या नाटकाची मंडळी तोंड धूत असतात.

म्हणून लागोपाठची दोन सत्रं घ्या, दुपार आणि संध्याकाळ. भाडं वाढेल. ते परवडत नसेल तर सत्रांची भानगड नसलेलं छोटं सभागृह पूर्ण दिवसासाठी घ्या. जवळच्या शाळेत रंगभूषा करून कलाकारांना चालत आणण्याची कल्पना कोणीतरी सुचवतंच. जूनमध्ये, पावसात, त्या वेशात? नको.

महापालिकेच्या सभागृहांच्या तारखा बऱ्याच आधी वाटल्या जातात. सत्राच्या नेमक्या वेळा, अनामत रक्कम, प्रोजेक्टर आणि पडदा सभागृहाचा आहे की बाहेरून आणायचा, हे कार्यालयातून लेखी घ्या.

उलटी मोजणी साधारण अशी निघते:

- ९.१५: मंच आणि मेकअप रूम रिकाम्या
- ८.२५: यक्षगान संपतं
- ६.४५: यक्षगान सुरू
- ६.४०: चित्रपट संपतो
- ६.१०: तिसरी घंटा, चित्रपट सुरू
- ६.००: प्रास्ताविक
- ५.३०: फोयरमधलं प्रदर्शन आणि दार उघडणं
- ३.००: रंगभूषा सुरू
- २.००: ध्वनीची तपासणी, हिम्मेळासह (गायक-वादकांसह)
- १२.४५: पडदा, प्रोजेक्टर, वादकांची बैठक
- १२.००: मेळाचं जेवण, सभागृहाबाहेर

जेवण रंगभूषेआधीच. ओठ रंगवल्यावर कोणी जेवत नाही. आणि भात भरपूर ठेवा, पोळ्यांचा ढीग तसाच परत जातो.

टप्पा ६: परवाने

हा टप्पा कंटाळवाणा, पण छोटा. तिकीट लावणार असाल तर पोलीस आयुक्तालयात परवान्याची चौकशी महिनाभर आधी करा. नाट्यप्रयोगासाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. यक्षगानात गाणी ठरलेली आणि संवाद उत्स्फूर्त, त्यामुळे नाटकासारखी बांधील संहिता नसते. मेळाकडे कोणती कागदपत्रं आहेत आणि सभागृह कोणती मागतं, हे दोन्ही प्रश्न एकाच आठवड्यात विचारून घ्या. यक्षगानाच्या चौकीत, म्हणजे मेकअप रूममध्ये, गणपतीची पूजा असते, समई लागते, त्याची व्यवस्थापकाला आधी कल्पना द्या. मंचावर राळ उडवून ज्वाळा काढायची रीत काही प्रवेशांत असते. बंद सभागृहात ती नाहीच, हे मेळालाही आधी सांगा.

टप्पा ७: मंच, ध्वनी, प्रकाश

*चौकी.* मेकअप रूमला यक्षगानात चौकी म्हणतात. तिथे खुर्च्यांपेक्षा सतरंज्या लागतात, प्रत्येकाला पिवळसर दिवा आणि आरसा. चपला बाहेर. आणि पाहुणे बाहेर! रंगभूषा पाहायला प्रमुख पाहुण्यांना आत नेणं, मग फोटो, मग त्यांच्या सौभाग्यवतींसोबत फोटो, यात कलाकाराची वीस मिनिटं जातात. दारावर एक ठाम स्वयंसेवक बसवा. नात्यातला नको.

*वादकांची बैठक.* गायक आणि वादक मिळून हिम्मेळ. ते मंचाच्या मागच्या बाजूला, थोड्या उंच बैठकीवर बसतात. कोण कुठे ते मेळाला विचारून खडूने खुणा करा. ही बैठक चित्रपटाच्या पडद्यामागे, दार उघडण्याआधीच पूर्ण मांडून ठेवायची: सतरंजी, माईक, केबल, पाण्याच्या बाटल्या, सगळं.

*पडदा.* सभागृहात वर-खाली होणारे बार असतील तर पडदा पुढच्या बारला बांधा, तो सरळ वर उचलता येतो. खाली दांडी असलेला पडदा घ्या, सुटा फडफडतो. बार नसतील तर दोन माणसांना एका हालचालीत बाजूला नेता येईल असा चौकटीचा पडदा आणि त्याच्यापुढे मंचाचा मुख्य पडदा. स्टुलावर चढून दोरी सोडवावी लागेल अशी कोणतीही रचना बाद.

*प्रोजेक्टर.* ऑफिसातला तीन हजार लुमेनचा प्रोजेक्टर वीस फूट पडद्यावर चित्रांचा चिखल करतो. सात-आठ हजार लुमेनचा भाड्याने घ्या. एचडीएमआय केबल पंधरा मीटरच्या पुढे दगा देते, लांब अंतराला फायबरची मागा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद, सूचना बंद, स्क्रीन आपोआप झोपण्याची सोय बंद. चित्रकारावरच्या माहितीपटात रंग हाच विषय असतो, त्यामुळे प्रोजेक्टरवरचा 'व्हिव्हिड' की काय तो पर्याय काढून साधा ठेवा, आणि हाती असलेल्या एखाद्या प्रिंटशी पडद्यावरचा रंग ताडून पाहा.

*माईक.* भागवताला एक, मद्दळ्याला (मृदंगासारखं वाद्य) एक. चंड्याला (काठ्यांनी वाजवायचा ढोल) स्वतंत्र माईक लावू नका. ते वाद्य मैदानभर ऐकू जावं म्हणून घडलेलं आहे, मध्यम आकाराच्या सभागृहात उघडं पुरतं. कलाकारांना कॉलर माईक नकोत, छातीवरचे दागिने आणि कवच त्यावर घासतात, घामाने माईक बंद पडतो. मंचाच्या पुढच्या कडेला जमिनीवर ठेवायचे किंवा वरून टांगलेले दोन-तीन माईक घ्या. घुंगरांचा आवाजही त्यातून येतो.

*ओल.* जूनच्या हवेत चामडं ओल धरतं आणि मद्दळ्याचा स्वर उतरतो. वाद्यं कोरड्या खोलीत ठेवा आणि सभागृहाचं एसी दुपारी दोनलाच सुरू करा. स्वर लावून झाल्यावर एसी सुरू केलं तर सगळं पुन्हा लावावं लागतं.

*प्रकाश.* लाल, पिवळा, काळा हे वेशातले ठसठशीत रंग. त्यांच्यावर निळे-जांभळे एलईडी मारले की काळा आणि लाल एकच दिसायला लागतात. सरळ, उबदार पांढरा प्रकाश द्या, समोरून आणि बाजूंनी. प्रकाशयोजनाकाराला हे ऐकून वाईट वाटेल. वाटू द्या.

*जमीन.* कलाकार अनवाणी नाचतात, गुडघ्यांवर गिरक्या घेतात. आदल्या नाटकाचे खिळे, टाचण्या, सेलोटेप, सगळं एकाने ओणवं होऊन हाताने चाचपून काढा. गालिचा घालू नका, पाय अडकतो.

*तपासा:* विंगेतून मुकुटासकट माणूस न वाकता आत येतो का? एका कलाकाराला पूर्ण शिरोभूषण घालून नव्हे, तर मुकुटाची उंची-रुंदी विचारून काठीने माप घ्या.

टप्पा ८: मधली पाच मिनिटं

इथे मध्यंतर नाही. पत्रिकेत तसं ठळक छापा.

मुंडासं कसं बांधतात ते एकदा नीट पाहून घ्या, म्हणजे उशीर का परवडत नाही ते कळेल. कलाकार बसतो, मागे एक जण उभा राहतो. कापडाचे थर डोक्याभोवती गुंडाळत, प्रत्येक वेढा ओढून, दात-ओठ खात आवळला जातो. नाचताना तसूभर हलता कामा नये म्हणून. वर जरीच्या पट्ट्या तिरक्या बसतात, मग कानांवरचे दागिने. हे झालं की कपाळावर, कानामागे दाब सुरू होतो आणि तो प्रयोग संपेपर्यंत सुटत नाही. तुमचं भाषण दहा मिनिटांनी लांबलं, की हा दाब दहा मिनिटांनी वाढला.

म्हणून चौकीत एक स्वयंसेवक हवा, ज्याचा मंचावरच्या माणसाशी फोनवर संपर्क आहे. मुंडासं बांधायला सुरुवात केव्हा करायची ते मेळ ठरवेल, पण तिसरी घंटा प्रत्यक्षात केव्हा झाली हे त्यांना त्या क्षणी कळलं पाहिजे. पत्रिकेतली वेळ पाहून त्यांनी सुरुवात केली आणि तुमचे अध्यक्ष कर्वे रस्त्यावर अडकले असले, तर भोगतो तो कलाकार.

क्रम असा:

१. चित्रपटाची नामावली सुरू झाली की हिम्मेळ पडद्यामागे अंधारात येऊन बसतो. पावलं वाजवायची नाहीत, वाद्याला हात लावायचा नाही.

२. नामावली संपते. लॅपटॉपवर लगेच काळी पाटी, डेस्कटॉप दिसता कामा नये. सभागृहातले दिवे लावायचे नाहीत.

३. तीन-चार सेकंद पूर्ण अंधार. प्रोजेक्टरचं शटर बंद.

४. अंधारातच चंडे-मद्दळे सुरू. प्रयोगाआधी वाद्यं वाजवून गावाला वर्दी द्यायची रीत यक्षगानात जुनीच आहे, तिचाच उपयोग करायचा. आवाज सुरू झाला की कोणी उठत नाही.

५. वादन चालू असताना पडदा वर. मंद प्रकाश हिम्मेळावर.

६. वादन थांबलं की निवेदक विंगेतून, मंचावर न येता, दीड मिनिटात मराठीत कथा सांगतो.

७. भागवताचं पहिलं पद.

हा क्रम दुपारी दोन वाजता, चित्रपटाच्या शेवटच्या दोन मिनिटांसह, दोनदा करून पाहा. रंगीत तालीम एवढीच लागते, पण ती लागतेच.

*इशारा:* सत्कार, शाल, श्रीफळ, आभार, प्रायोजकांचं कौतुक यातलं काहीही इथे घुसवायचं नाही. दीपप्रज्वलन आणि प्रास्ताविक चित्रपटाआधी, मिळून दहा मिनिटं. कलाकारांचा सत्कार शेवटी, त्यांच्या वेशातच. चित्रकाराच्या घरचं कोणी आलं असेल तर त्यांना प्रास्ताविकात बोलू द्या आणि इतर दोन वक्ते कमी करा.

टप्पा ९: कन्नड न कळणाऱ्या प्रेक्षकासाठी

यक्षगान चालू असताना मागे मराठी भाषांतर पडद्यावर फिरवू नका. संवाद उत्स्फूर्त असल्याने भाषांतर मागे पडतं आणि लोक नाच सोडून अक्षरं वाचतात. हेब्बरांची चित्रंही मागे दाखवू नका. प्रोजेक्टरचा प्रकाश कलाकाराच्या चेहऱ्यावर सांडतो, आणि दोन्ही एकमेकांना खातात.

त्याऐवजी एका पानाची घडी द्या: प्रसंगाची गोष्ट आठ-दहा ओळींत, कोणतं पात्र कोणत्या वेशात ओळखायचं, हिम्मेळ म्हणजे काय. अक्षर मोठं, अंधारात वाचता येईल असं नव्हे, तर फोयरमध्ये चित्रं पाहतानाच वाचून होईल एवढं. निवेदन प्रत्येक प्रवेशाआधी नको. सुरुवातीला एकदा आणि फार तर मध्ये एकदा, तेही भागवताशी ठरवून. त्याची लय तोडून कोणी मध्येच "आता आपण पाहणार आहोत" म्हणायला लागलं तर तो खाली ठेवेल हातातले ताळ.

टप्पा १०: आवराआवर

प्रयोग संपल्यावर रंग उतरवायला पाऊण तास लागतो. खोबरेल तेल, जुनं सुती कापड, गरम पाणी आणि साबण तयार ठेवा. मुकुट आणि दागिने पेट्यांत भरायचं काम मेळाचीच माणसं करतात. मदतीच्या उत्साहात हात घालू नका, काचा-आरसे आणि नाजूक जोडकाम असतं. टेम्पो दाराशी उभा आहे का ते सव्वाआठला पाहा, प्रयोग संपल्यावर नव्हे. राहिलेलं मानधन रंग उतरवून झाल्यावर लगेच, मेळाच्या व्यवस्थापकाच्या हाती, पावती घेऊन.

सभागृहाची अनामत परत मिळवण्यासाठी मंचाचे फोटो आधीचे आणि नंतरचे काढून ठेवा. तेलाचे डाग मेकअप रूमच्या फरशीवर राहिले तर पैसे कापले जातात.

मग कागदांचं काम. चित्रांच्या प्रिंट ठरल्याप्रमाणे परत करा किंवा नष्ट करून तसं कळवा. चित्रपटाची फाईल तिन्ही ठिकाणांहून पुसा आणि पुसल्याचं हक्कधारकाला लेखी द्या. कार्यक्रमाचं चित्रीकरण केलं असेल तर त्यात माहितीपटाचा भाग आला आहे का ते पाहा. आला असेल तर तेवढा कापल्याशिवाय ते कुठेही टाकू नका. यक्षगानाचं चित्रीकरण टाकायचं असलं, तरी आधी मेळाला विचारा.